फोल्डरचा मालक मीच

२७ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात, समाजाचा वधू-वर मेळावा. वेबसाइट माझी, पडद्यावर बायोडाटे मीच दाखवणार. बोदलकसाचे लीलाधरभाऊ मुलीला घेऊन येताहेत. दुर्गेश्वरी, एम.एस्सी. फोटो पाहिला. मनात भरली. माझा बायोडाटा आधीच थेट फोल्डरमध्ये चढवला आहे : खुमेंद्र, सॉफ्टवेअर इंजिनिअर, स्वतःची कंपनी. कंपनीत सध्या मीच.

२८ जानेवारी
इतरांचे बायोडाटे चढेनात. सेव्ह दाबलं की 'परमिशन डिनाइड'. माझाच सर्व्हर मला परवानगी नाही म्हणतो. बाबांनी विचारलं, काऊन, अडलं का? टेस्टिंग चालू आहे म्हणालो.

२९ जानेवारी
मामेबहीण योगेश्वरी नागपुरात आयटी कंपनीत आहे. तिला फोन केला, खुशाली विचारायला. तीच म्हणाली, फोल्डर तुझ्या नावावर आहे, वेबसाइटला त्यात लिहायचा हक्क नाही, मालक बदल. बदलणार नाही. फोल्डर मी बनवला, मालक मीच राहणार. नेटवर मर्दानी उपाय सापडला : परवानगीचा आकडा ७७७. सगळ्यांना सगळी मुभा.

३० जानेवारी
७७७ मारलं. सगळं सेव्ह झालं. योगेश्वरीला स्क्रीनशॉट पाठवला. म्हणते, येडा झाला का, तुझ्या साइटवरच्या 'दुरुस्त करा' बटणाला पासवर्ड नाही. फोल्डर बंद होता म्हणून वाचला होतास, आता कोणीही कोणाचंही बदलेल. जळते. सगळे नात्यातले, त्यांना पासवर्ड कसला? ग्रुपवर लिंक टाकली : चूक दिसल्यास दुरुस्त करावी.

३१ जानेवारी
उत्तम प्रतिसाद. तिरोड्याच्या एका मुलाची उंची सकाळपासून दोनदा वाढली.

१ फेब्रुवारी, सकाळ
हॅकर. माझ्या बायोडाट्यात लिहून गेला : मुलगा घरीच राहते. इंजिनिअरिंगचे दोन विषय बाकी. शेती लहाना भाऊ इंद्रकुमार पाहते. पुसलं. चहा घेऊन आलो तर पुन्हा तेच.

दुपार
हॅकर सापडला. ओसरीत बसून एका बोटाने टाइप करत होता. बाबा. म्हणाले, पोरीच्या बापाले खोटं कायले सांगू? तूनच त लिवलं, चूक दुरुस्त करा म्हणून.
लगेच फोल्डर बंद करून पासवर्ड लावायला घेतला. साइटच उघडेना. सगळ्याला पुन्हा ७७७. साइट उघडली, बाबांचा मजकूरही जसाच्या तसा. माघार घेतलेली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
पडद्यावर मी, बाबांच्या शब्दांत. हॉलमध्ये हशा. मी मान खाली घातली नाही. तेवढ्यात लीलाधरभाऊ उठले, बाबांचा हात धरून म्हणाले, असा सरळ व्याही भेटत नाही. माझी छाती फुगली. योगेश्वरीला तिथूनच मेसेज केला : ७७७ झिंदाबाद.

संध्याकाळी लीलाधरभाऊंचा फोन आला. बाबा बराच वेळ हो हो म्हणत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ते लहान्याचा बायोडाटा मागून राहिले, टाकून दे.
वाईट वाटलं. टाकला. इंद्रकुमार, शेतकरी. फोटो बांधावरचा, हसरा. सेव्ह दाबलं आणि स्क्रीनकडे बघत बसलो.
परमिशन डिनाइड काही आलं नाही.