वाळवणाच्या जागेवरचं गवत

प्रिय हेमाली पोरी,

फोनच केला असता, पण तुझे सासरे हल्ली सावलीसारखे माझ्या मागे असतात आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. नवसी मासळी घेऊन तुझ्या माहेरी माकुणसारला येते, तिच्याच हाती हे देतेय. अक्षर बघून हस हवं तर, पण शेवटपर्यंत वाच. दर्पणचा खोकला गेला का गं? छातीला ओव्याचं तेल चोळ. तुझी आई देते त्या गुलाबी औषधाने काही व्हायचं नाही, पण हे तिला सांगू नकोस.

तू म्हणाली होतीस, आई, घरामागची वाळवणाची जागा साफ करून ठेवा, मी आले की मोगरा लावते, दर्पणलाही खेळायला होईल. त्या शब्दावर आम्ही दोघं जगतोय बघ. माझा सुजीत गेल्यापासून ह्यांनी होडीला हात लावला नाही, मग बोंबील कुठले सुकवायचे? तिथे उगवायची गवताची कधी टाप नव्हती, आणि दोन पावसाळ्यांत ढोपराला लागलं. मला बघून रडू यायचं. तूच म्हणालीस, गवत येतंय म्हणजे माती गोडी झाली, आता काहीही येईल. बागायती वाडीतली पोर तू, तुला ते दिसलं. आम्हा मुरब्याच्या दर्यावरच्या माणसांना कुठलं दिसायला!

माझा भाचा रूपेश गवत मारायच्या औषधाची फवारायची बाटली घेऊन आला होता, एका दिवसात साफ करतो म्हणाला. ह्यांनी त्याला बाटलीसकट अंगणाबाहेर काढला. माजा पोरगा कंपनीतल्या वायूनं गेला, आता या दारात औषधाचा थेंब पन नाय येनार, असं ओरडले की शेजारीपाजारी गोळा झाले. बरोबरच होतं त्यांचं. मग तू सांगितलंस तसंच केलं. हरळी विळ्याने बुडापासून कापली, लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याने उकरून काढल्या, वाण्याकडचे पुठ्ठे भिजवून अंथरले आणि वर झावळ्या पसरल्या. माझी कंबर मोडली, पण किती दिवसांनी हाताला काम होतं! फक्त ह्या कामाला धीर लागतो, आणि ह्या माणसाला धीर म्हणून नाही. रोज पुठ्ठा उचलून बघायचे, मेलं का, मेलं का. अहो, झाकलेलं उघडलंत तर मरेल कसं? तरी उघडायचेच. दर्पणला जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचाय, त्याच्या आत जागा तयार पायजे, हेच पालुपद दिवसभर.

त्यात मी दातिवऱ्याला मावशीच्या बाराव्याला गेले. परत येऊन बघते तर पुठ्ठे कुडाला टेकवलेले आणि जागा चिंब ओली. समुद्राचं पाणी कळशा भरभरून ओतलं होतं, वर मासळी खारवायचं मीठ पोत्याने टाकलं होतं. लहानपणापासून त्यांनी तेच बघितलेलं, वाळवणाच्या जागेला खारं पाणी मारलं की गवत डोकं काढत नाही. विष नाय, औषध नाय, आपल्या दर्याचंच पानी हाय, म्हणत होते. चार दिवसांत गवत काळं पडलं. हेमाली, सुजीत गेल्यापासून पहिल्यांदा हसले गं ते. माझा हात धरून मला मागे नेलं, बघ म्हणाले. मी तरी कुठली शहाणी, मीपण हसले.

तुझ्या आईने पाठवलेली मोगऱ्याची रोपं लावली, तुला फोटो पाठवायचा म्हणून. पानं कडेकडेने करपली, मग नुसत्या काड्या राहिल्या. तुझ्या आईला, विजयाताईंना, फोन केला. त्या म्हणाल्या, मीठ घातलंत? आता कितीतरी पावसाळे तिथे काही यायचं नाही. हे बाजूलाच उभे होते, त्यांनी ऐकलं. तेव्हापासून विहिरीचं गोडं पाणी आणून आणून ओततात, मीठ धुऊन काढायला. धड जेवत नाहीत. माज्याच हातानं मी सुनंची वाट बंद केली, एवढंच पुटपुटतात. मी खूप समजावलं, हात टेकले. मलाच आता कशात काही दिसत नाही, तर त्यांना काय दाखवू?

विजयाताई त्या दिवशी आणखी एक बोलल्या, हे ओसरीवर जाऊन बसल्यावर. केळव्याचा आनंदा, बायको वारलेली, वाडी बघून असतो, दर्पणला जीव लावतो. तुलाही तो आवडलाय, पण तू अडून बसलीयस की सासूला शब्द दिलाय, जागा तयार झाली की मी मुरब्याला जाणार. पोरी, जागा तयार होणार नाही. तू त्याला हो म्हण. सुजीतच्या जागी दुसरा कोणी हे मला सोसत नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू? तरी हो म्हण. फक्त ह्यांना सांगायला तू स्वतः ये, दर्पणला घेऊन. त्यांच्याजवळ बस आणि सांग की तुझं मन आधीच ठरलं होतं, मीठ पडायच्या आधी, मागे गवत उभं होतं तेव्हाच. हे खरं नाही, मला माहीत आहे. पण एवढं खोटं त्यांच्याशी बोल, नाहीतर हा माणूस पाणी ओतता ओतताच संपेल.

तुझीच,
मुरब्याची आई