ठमीचं कॉलेज बदलणं

१२ जून, बुधवार

चि. ठमाबाईस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मांजरीनं पुन्हा माझ्या शिवणाच्या टोपलीत पिल्लं घातली. तू जेवतेस ना? फोटोत खराट्यासारखी दिसतेस.

आता मुद्द्याचं. तिकडचं चांगलं कॉलेज सोडून तू इथल्या कॉलेजात येणार म्हणतेस. "आई, सगळी क्रेडिट्स ट्रान्सफर होतात गं, काही बुडत नाही!" मी सातवी शिकलेली, पण नाक शाबूत आहे माझं. गेल्या आठवड्यात गेले इथल्या कॉलेजच्या ऑफिसात. क्लार्कबाई म्हणाल्या, "मावशी, पास केलेले सगळे विषय आम्ही धरत नाही. प्रयोगशाळेचे तिला इथे पुन्हा करावे लागतील. वर्ष जाईल."

"तिला ठाऊक आहे का हे?"

"मीच सांगितलं की फोनवर. चालेल म्हणाली."

चालेल? एक मार्क गेला तर जेवणाच्या ताटावरून उठणारी तू! आणि घरची आठवण येते म्हणे. घरी होतीस तेव्हा माझ्या भाजीला नाकं मुरडायचीस.

आधी वाटलं, एखादा पोरगा असेल. (बरा असेल तर माझी ना नाही.) पण मग खालच्या वहिनींची जीभ सैल सुटली. तू त्यांना सारखे फोन करतेस, विचारतेस, "आईकडे कोण येतं? किती वेळ बसतं?" म्हणजे आईवर पहारा द्यायला वर्ष घालवतेस होय गं, फौजदारीण?

तर ऐक. घड्याळवाले येतात. आपलं भिंतीवरचं घड्याळ कधीच दुरुस्त झालं, तरी येतात. चहा पितात, माझ्या चेष्टेवर जरा उशिरा हसतात. तुझे बाबा गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलत होते.

त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी उत्तर देत नव्हते, तुझ्या धाकानं. हो, तुझ्याच! वहिनींचं ऐकल्यावर तर त्यांना म्हटलं, "काही दिवस येऊ नका." ते चप्पल घालून निघाले. त्यानंतर मला चहा गोड लागेना.

आज त्यांच्या दुकानात जाऊन हो म्हणून आले.

तेव्हा राखायला आता काही उरलेलं नाही. अर्ज मागे घे, वर्ष वाचव. रागावलीस तर सुट्टीत ये आणि समोर बसून भांड. मीही गप्प बसणार नाही.

तुझीच, पण आता फक्त तुझीच नाही अशी,
आई