खिडकीपाशी काय म्हणायचं

आनंदा,

मी कल्याणला वकिलांकडे तुझं दत्तकपत्र आणायला चाललोय. तू जेवून ठाण्याला इन्कमटॅक्सच्या कचेरीत ये, मी तिथेच असेन. कराचा दाखला मिळाल्याशिवाय बोटीचं तिकीट देत नाहीत, आणि विलायतेचं कॉलेज काही तुझ्यासाठी थांबायचं नाही.

काल अर्जात बापाच्या जागी मी सवयीने माझंच नाव लिहून आलो. कारकून म्हणाला, या नंबरची फाईल नाथा पाटलांच्या मुलाची आहे, हा पंढरी कोण? त्याचं बरोबर आहे. मिठागर नाथादादाचं, तुला त्याच्याच मांडीवर दिलेलं, तेव्हा कर भरायचा तो त्याचा मुलगा म्हणून. दादा-वहिनी गेल्यावर तू परत आमच्यात जेवायला लागलास, पण कागद तसा परत येत नाही.

आज अर्ज नव्याने लिहू. तुझी आई बोटीवर न्यायला सुकट भाजत बसलीय, तिला यातलं काही सांगू नकोस.

आणि खिडकीपाशी मला बाबा म्हणू नकोस, कारकून पुन्हा खोदून विचारील. काका म्हण. वाटेत एकदोनदा म्हणून बघ, तिथे जीभ अडखळायला नको.

मी ओ देईन.

पंढरी