मामाच्या गाडीचा आवाज

९ नोव्हेंबर, रविवार
डोकं फिरलंय. कुणाशी बोलून उपयोग नाही, म्हणून इथे लिहितोय.
मंदाताईकडे, भाचीच्या लग्नाची बोलणी. इशिताच्या सासरची मंडळी आली होती. मी मुलीचा एकुलता एक मामा. लाल स्पोर्ट्स कार घेऊन थेट दारात उतरलो. एकानेही मान वर केली नाही! तासाभराने दाजी म्हणाले, अरे हरिश्चंद्र, तू कधी आलास?
दोष माझा नाही. गाडीच्या सायलेन्सरचा आहे. सेकंडहँड असली म्हणून काय झालं, स्पोर्ट्स कार आहे ती. आणि आवाज आमच्या मिक्सरपेक्षा कमी.
लग्नाआधी आवाज पाहिजे. ठरलं.

१० नोव्हेंबर
ताईला फोन. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला हॉलवर मी आणणार, माझ्या गाडीतून. ताई म्हणे, ते मुलीच्या भावाचं काम, अथर्व आणेल. अथर्व! त्याला धड गाडी रिव्हर्स घेता येत नाही. इतका ओरडलो की बायकोने, सुचेताने, खिडक्या लावल्या. शेवटी दाजी म्हणाले, आणू दे त्याला, निदान विषय संपेल. समजूतदार माणूस.
नंतर इशिताचा फोन. म्हणाली, मामा, गाडीचं तू बघ हवं तसं, पण मला मंडपात तूच घेऊन यायचंस हां. म्हटलं, हे काय सांगणं झालं? मामाचंच काम ते. खोलीतून मंडपापर्यंत चालायचं. त्याला काय तयारी लागते?

१३ नोव्हेंबर
केबिन रोडच्या मागे चंदनचं गॅरेज. कामाचा माणूस. म्हणाला, सेठ, सायलेन्सर निकाल देंगे, सीधा पाइप डालेंगे, आपका पूरा सिल्व्हर पार्क एरिया हिलेगा. त्याने पोलिसांचंही काहीतरी सांगितलं. मी ऐकलं नाही. भित्र्या लोकांमुळेच हा देश शांत आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
गाडी आली. आवाजही आला.
पण पिठाच्या गिरणीचा. तळमजल्याच्या आजी खिडकीतून विचारत होत्या, इथे गिरणी कधी निघाली? नवीन पाईप आहे, तापला की आवाज खुलेल.

१७ नोव्हेंबर
सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई दारात. हरिशभाई, ये क्या लगा रखा है, मेरी मम्मी सोते-सोते बैठ जाती है. मी म्हटलं, नवरात्रात तुमचे स्पीकर वाजतात तेव्हा मम्मी कुठे असतात? त्यांनी सांगितलं, सबसे आगे, गरबा में. मी दार आपटलं.

२१ नोव्हेंबर
चंदनने आणखी जाड पाईप बसवला. आता आवाज झकास! छाती भरून येते. फक्त पाईप थोडा खाली आलाय. स्पीड ब्रेकर घासतो. चंदन म्हणतो, तिरछा निकालो. म्हणजे चूक रस्त्याची आहे. महापालिकेला खरमरीत पत्र लिहिणार.

२५ नोव्हेंबर
सुचेता म्हणते, फेटा बांधलेला माणूस या गाडीत बसणार कसा? आणि करवली, तिच्या हातातला कलश? मी म्हटलं, तुझा भाऊ वरातीत घोड्यावरून पडला होता, तेव्हा घोड्याला कुणी बोललं नाही. बायकांना गाड्यांतलं कळत नाही.
जाता जाता म्हणाली, इशिताने परत आठवण करून दिलीय, मंडपाचं. अहो, आहे लक्षात! एकच गोष्ट किती वेळा?

२८ नोव्हेंबर
पाईप हलतोय. चंदनने तारेने बांधला. एकदम पक्का, म्हणाला.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आज लग्नात सगळा हॉल दाराकडे वळून बघणार. कधी आलास म्हणे!

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
भाईंदर पश्चिमेला देवळापाशी नीरज, म्हणजे नवरदेव, मान वाकडी करून कसाबसा आत बसला. फेटा छताला घासून डाव्या कानावर आला. करवली मागे, गुडघे हनुवटीला लावून. तिचं तोंड बघण्यासारखं होतं. गाडी सुरू केली. काय आवाज! फुलवाल्या बायकांनी कानावर हात ठेवले. नीरज काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही.
पहिलाच स्पीड ब्रेकर. तिरकी घेतली होती, शपथ. पाईप तुटला. लोंबकळता पाईप घासत, ठिणग्या उडवत निघालो तो थेट ट्रॅफिक हवालदारासमोर.
आत नवरदेव आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, नवरदेवाला जाऊ द्या, तुम्ही थांबा.
अथर्व त्याच्या साध्या गाडीतून मागे येतच होता. नीरज आणि करवली त्याच्याकडे गेले. अथर्व म्हणाला, मामा, तूही चल, गाडी राहू दे इथेच. मी भडकलो. माझी गाडी अशी रस्त्यात टाकून येऊ? तुम्ही व्हा पुढे, आलोच, म्हटलं.
इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं. त्या आवाजात हवालदाराशी भांडत होतो. खिशातला फोन वाजलेला कळला नाही. नंतर पाहिलं, मिस्ड कॉल इशिताचेच होते सगळे.
हॉलवर पोचलो तेव्हा लोकांच्या हातात ताटं होती. दाजी समोरच उभे. या वेळी त्यांनी कधी आलास असं विचारलं नाही.
सुचेताने सांगितलं. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. सगळा हॉल दाराकडे वळून बघत होता. इशिता हार घेऊन खोलीच्या उंबऱ्यात उभी. अजून थोडं थांबूया, म्हणत होती. मुहूर्त टळायला आला तेव्हा सुचेताने तिचा हात धरून तिला आणलं.
मी स्टेजवर गेलो. खूप बोलायचं ठरवलं होतं, हवालदाराबद्दल, चंदनबद्दल, त्या स्पीड ब्रेकरबद्दल. इशिता पाया पडली. डोळे पुसलेले दिसत होते.
तिने विचारलं, गाडी ठीक आहे ना, मामा?
हो म्हटलं.