उजवं पुढचं चाक

४ ऑक्टोबर

आला! मी दात घासतोय तोवर दारात हजर. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर फडकं, तोंडभर हसू. आणि पहिलं वाक्य काय, तर "भावोजी, चहा ठेवताय ना?" माझ्याच घरात मला!

भावोजी म्हणे. माझ्या बायकोला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. मग हा मेहुणा कुठून उगवला? सासऱ्यांच्या गॅरेजात त्यांच्या हाताखाली मिस्तरी होता, एवढंच काय ते नातं. तेवढ्यावर तिला "अगं ए" म्हणतो आणि ती "काय रे" म्हणते.

ती मलाही "काय रे" म्हणते. पण ते वेगळं असतं. मला म्हणते तेव्हा गॅस संपलेला असतो.

काम सासऱ्यांच्या पिकअपचं आहे. ते गेले, गाडी हिच्याकडे आली. त्याच गाडीतून ही लोकांचं घरसामान हलवते — कपाटं, पलंग, फ्रिज. धंदा छान चाललाय, नाही म्हणत नाही. पण गाडी म्हातारी. स्टिअरिंग चांगलं वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. खड्ड्यात गेली की पुढून भांडी पडल्यासारखा आवाज. परवा पुलावर समोरून ट्रक येत असताना गाडी आपल्या मनानं मधोमध सरकली. घरी येऊन ही उभ्या उभ्याच दोन ग्लास पाणी प्यायली.

मी म्हणालो, "विकून टाक."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन उचलला, त्याला लावला.

५ ऑक्टोबर

दुकानात लक्ष नाही. एका बाईंचा वाचायचा नंबर लांबच्या चष्म्यात घातला. त्या बाहेर पडताना पायरी चुकल्या — नशीब, पडल्या नाहीत. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली, अशी चूक आजवर झाली नव्हती.

सगळं त्याच्यामुळे.

६ ऑक्टोबर

रविवार. दुकान बंद, म्हणून दिवसभर तमाशा बघायला मिळाला.

गाडीचं तोंड जॅकवर. दोन्ही पुढची चाकं काढून भिंतीला टेकवलेली. ती दोघं खाली उताणी, चार पाय बाहेर. तिच्या पायात माझ्या जुन्या चपला! आतून आवाज येतायत. "धर." "धरलंय." "मार." ठण्ण! "सुटला का?" "तुझ्या बापालाही नाही सुटायचा!" आणि दोघं हसत सुटले. माझ्या सासऱ्यांवरून विनोद, आणि त्यांचीच लेक हसतेय! मी असं काही बोललो असतो तर आठवडाभर तोंड फुगलं असतं.

मी म्हणालो, "मी काही मदत करू?"

तिनं डोकं बाहेर काढलं. कपाळावर ग्रीस, डोळ्यात चमक. "तू? हा पाना दे. नाही, तो नाही. तोही नाही. राहू दे. तू चहा कर ना, तुझा चहा चांगला होतो."

केला. काय करणार! साखर मात्र त्याच्या कपात घातलीच नाही.

"वा भावोजी," तो म्हणाला, "कसं कळलं मी साखर सोडलीये?"

७ ऑक्टोबर

त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. दोघींचे चष्मे माझ्याच दुकानातून जातात. माणूस वाकडा नाही. सगळं मला माहीत आहे. पण माहीत असून काय उपयोग? पोटात दुखायचं ते दुखतंच.

८ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी आलो तर शेजारचे काका कुंपणावर कोपर टेकवून उभे. "काय जोडी जमलीये हो कामाला! तुमच्या मिसेस म्हणजे पक्क्या मेकॅनिक झाल्या." जोडी! या माणसाला दुसरा शब्द सापडला नाही.

जेवताना ती बोलत होती — किती दिवसांनी! लोअर आर्मचे रबरी बुश कसे सडून भुगा झाले होते, बॉल जॉइंट हातानं हलत होता, शॉकॲब्सॉर्बर दाबला तर वर यायचं नाव घेत नव्हता. "बाबा असते तर मला बडवलं असतं रे, इतकी आबाळ केली मी गाडीची." आणि पुढे, "पण आता बघच तू!" हातवारे करून सांगत होती. नखं काळी. सुंदर दिसत होती.

मी विचारलं, "अजून किती दिवस येणार आहे तो?"

हातवारे थांबले. "गाडीचं पुढचं सगळंच बदलायचंय. होईल तेव्हा होईल."

"तुला बरंच वाटतंय की."

"हो," ती म्हणाली. "वाटतंय."

एवढंच. आणि भाजी वाढून घेतली. त्या "वाटतंय"मध्ये भांडायला काही जागाच नव्हती.

९ ऑक्टोबर

आज मिस्तरीनं मला हाताला धरून गाडीजवळ नेलं. डावी बाजू पूर्ण झालेली. नवे भाग काळेभोर चकाकत होते, गंजक्या गाडीत उसने आणल्यासारखे.

"भावोजी, हे बघा. स्टिअरिंग इथून चाकाला धरतं. हा खाचांचा नट, आणि त्यातून आरपार ही पिन. बोटभराची पण नाही. नट ढिला झाला तरी ही त्याला गळू देत नाही. ही नसली, तर एक दिवस चाक जाणार डावीकडे आणि तुम्ही म्हणणार उजवीकडे."

मी मान डोलावली. मला कशाला शिकवतोय? त्याला वाटत असेल, माणसाला जरा सामील करून घ्यावं, म्हणजे तोंड वाकडं करणार नाही. मला त्याची कीव नकोय.

खरं सांगायचं तर ऐकायला छान वाटत होतं. म्हणून जास्तच राग आला.

११ ऑक्टोबर

तो आला नाही. मुलगी आजारी आहे म्हणे. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. मुलगी आजारी आणि मी शीळ घालतोय!

ती एकटीच गाडीपाशी खुडबुडत होती. मी गेलो जवळ. म्हणालो, "चल, बाहेर जेवू." म्हणाली, "हात बघ माझे. उद्या?"

उद्या तो येणार.

१३ ऑक्टोबर

दुसरा रविवारही गेला. आज त्यांच्यात बसायचं नाही असं ठरवून सकाळीच बहिणीकडे गेलो. बहीण म्हणाली, "इतका का उतरलाय चेहरा?" म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, "डोकं दुखल्यावर माणूस घरी झोपतो, बहिणीचे पंखे पुसत नाही." खरंच, मी न सांगता तिचे पंखे पुसून काढले होते!

संध्याकाळी परतलो तर काम संपलेलं. चाकं चढलेली. गाडी चार पायांवर ताठ उभी — जरा उंच वाटली. मिस्तरी गेला होता. उद्या दुपारी येऊन एकदा सगळं नीट तपासणार, मग गाडी चाकांच्या अलाइनमेंटला नेणार, असं ती म्हणाली आणि अंग धुवायला गेली.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. उगीच. खोट काढायला, दुसरं काय! चाकं एका बाजूला वळवून ठेवलेली होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. डावीकडे वाकलो. नट, पिन, पिनेची टोकं नीट दुमडलेली. उजवीकडे गेलो, टॉर्च मारला.

नट होता. पिनेचं भोक रिकामं.

दोनदा पाहिलं. माझी नजर अशा गोष्टीत चुकत नाही, चष्म्याच्या फ्रेममधले स्क्रू बसवण्यात आयुष्य गेलंय. पिन नव्हती.

आणि मला काय झालं असेल? आनंद! सापडला! एवढा मोठा मिस्तरी, मला धडे देणारा, स्वतःच विसरला!

सांगायला आत गेलो. ती आरशासमोर केस पुसत गुणगुणत होती. आणि मी थांबलो. आत्ता सांगितलं तर काय होईल? ती म्हणेल, "बरं झालं," आणि त्याला फोन करेल, तो धावत येईल, दोघं हसतील, मी पुन्हा चहा करेन. त्यापेक्षा उद्या दुपारी तो गाडी तपासायला येईल तेव्हा तिच्यादेखत वाकायचं आणि म्हणायचं — मिस्तरी, इथलं काय राहिलं?

गाडी उभीच आहे. नट घट्ट दिसतोय. एका रात्रीनं काय होतंय!

१४ ऑक्टोबर

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण. तिनं बाथरूमच्या दारावर टकटक केली. "मी निघते रे. एका शिक्षिकाबाईंचा फोन होता, कपाट आजच न्यायचंय. पुलापलीकडे जाऊन लगेच येते."

पुलापलीकडे!

मी ओरडलो. नळ चालू होता. दार उघडून बाहेर येईपर्यंत पिकअप कोपऱ्यावरून वळलेली. फोन लावला, वाजत राहिला. गाडी चालवताना ती कधीच उचलत नाही. मीच घातलेली ती शपथ!

काका झाडांना पाणी घालत होते. मी त्यांच्याकडे स्कूटरची चावी मागितली की हिसकावली, आठवत नाही. बनियनवर, अर्ध्या साबणासकट सुटलो. रस्त्यात प्रत्येक वळणावर मला ती गाडी आडवी दिसत होती. पुलाचा कठडा दिसत होता. मोठ्यानं काहीतरी पुटपुटत होतो. काय ते माहीत नाही.

पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर गाडी उभी होती. ती टायरमध्ये हवा भरून घेत होती. मला बघून हसायलाच लागली. "अरे, हे काय ध्यान!"

मी सरळ जमिनीवर आडवा झालो आणि चाकामागे हात घातला. तो नट माझ्या बोटांनी फिरला. बोटांनी!

"पिन नाहीये," मी म्हणालो.

ती वाकली. पाहिलं. तशीच खाली बसली, पंपाच्या तेलकट फरशीवर.

"ही बाजू मी केली होती," ती म्हणाली. "सगळी. त्यानं हात लावला नाही, मीच लावू दिला नाही. पिन टाकायला घेतली आणि कोणाचा तरी फोन आला, आणि मग..." माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला, घट्ट. किती वर्षांत असा धरला नव्हता. "तू आला नसतास तर आज मी... तुला कसं रे कळलं? तू तर दाढी करत होतास."

खोटं बोलता आलं असतं. इतकं सोपं होतं! अंगणात पिन पडलेली दिसली म्हणालो असतो तर संपलं असतं.

"काल दिसलं," मी म्हणालो.

"काल?"

"संध्याकाळी."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तो विसरलाय."

तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. ती सगळं समजली. मला दिसत होतं एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येताना — चहा, बहिणीकडे जाणं, "किती दिवस येणार आहे तो." तिनं माझा हात सोडला. झटकला नाही. नुसता सोडला.

तिनं फोन केल्यावर मिस्तरी आला, पिन घेऊन. तिला जाम बोलला. "तुझे बाबा असते तर पाना फेकून मारला असता!" ती मुकाट ऐकत होती. मग माझ्या पाठीवर थाप. "भावोजी, डोळे आहेत की भिंगं तुमचे! आज तुमच्यामुळे वाचली ही."

मी तिच्याकडे पाहिलं. आता सांगेल. आता बोलेल.

ती म्हणाली, "हो ना."

१५ ऑक्टोबर

अलाइनमेंट झाली. गाडी म्हणे सुतासारखी सरळ धावते. मला काकांकडून कळलं.

१७ ऑक्टोबर

ती रोजच्यासारखीच वागते. डबा देते. दुकानात गर्दी होती का विचारते. मी माफी मागितली, दोनदा. "ठीक आहे रे," म्हणाली दोन्ही वेळा. मिस्तरी येत नाही आता, काम संपलं. दारात शांतता आहे. जशी हवी होती तशीच.

१९ ऑक्टोबर

सकाळी ती निघायच्या आधी मी उठून गाडी पाहून आलो. म्हणालो, "पुढची दोन्ही चाकं बघितली मी. सगळं जागेवर आहे."

"बरं," ती म्हणाली. चावी खिशात ठेवली, जमिनीवर पोतं अंथरलं, आणि स्वतः गाडीखाली शिरली.