आमच्या प्रोसेसरला तुझं तळं झेपेल का

प्रिय दादा,

तुला वाकून नमस्कार. हे वाकणं निव्वळ रीतीचं नाही. टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरची वायर घट्ट करताना कंबर जी धरली ती अजून सुटलेली नाही, तेव्हा वाकलेच आहे तर नमस्कारही उरकून घेते. तुझा गुडघा काय म्हणतो? वेळेवर जेवतोस ना, की ओट्याशी उभ्या उभ्या ब्रेड खाऊन ताट धुवायचं वाचवतोस? फोनवर हे विचारलं की तू "बरं आहे, ठेवतो" म्हणतोस आणि खरोखर ठेवतोस. म्हणून पत्र. (पत्रही अर्ध्यावर ठेवून देता येतं म्हणा, पण ते निदान लिहिणारीला कळत नाही.)

तुझा निरोप मिळाला: "खेळ तुझ्या मशीनला झेपत नसेल तर स्पष्ट सांग, नवा प्रोसेसर पाठवतो." एका वाक्यात स्पष्ट सांगणं मला कधी जमलं आहे? पहिल्यापासूनच सांगते.

तू तो खेळ भेट दिलास तेव्हा मला फार बरं वाटलं. दोघांनी मिळून डोंगरदऱ्यांतून हिंडायचं, कुणाला मारायचं नाही, कुणाला वाचवायचं नाही. वहिनी गेल्याला वर्ष होत आलं आणि एवढ्या दिवसांत तू आपणहून काही सुचवलंस ते हे पहिलंच. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की या खेळाला किमान जो प्रोसेसर लागतो, त्याच्यापुढे आपला म्हणजे पणजोबा. (मागच्या खोलीतला, तूच भाग आणून जोडलेला. "आता बरीच वर्षं बघायला नको" म्हणत तू त्याच्या डब्यावर थोपटलं होतंस. आम्ही तुझा शब्द मानला आणि खरंच बघितलं नाही.)

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, चालतोय ना? मग चालू दे. फक्त डोंगर चढायला लावू नका." आता मला नेमका डोंगरच चढायचा होता, हे त्याला कसं सांगणार?

खेळ चालू केला तर यंत्र असं घरघरायला लागलं की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "मिक्सरमध्ये चमचा अडकलाय का गं?" मग झाकण काढून टेबलफॅन त्याच्यासमोर लावला. प्रोसेसर वाऱ्यावर आणि आम्ही दोघं घामाघूम. तरी चित्र अडखळत होतं. तेव्हा तुझे मेहुणे पुढे सरसावले. त्यांची सवय तुला माहीत आहे. रिकाम्या खोलीतला दिवाच काय, मी भांडं घेण्यापुरती वळले तरी मागून गॅस बंद करणारा माणूस. त्यांनी खेळाची सेटिंगं उघडली आणि एकेक गोष्ट मालवत सुटले. "गवत कशाला हवंय? बंद. सावल्या? आपण काय उन्हात उभे आहोत? बंद. ढग, बंद." मी म्हटलं, "अहो, पाणी तरी राहू द्या." पण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ज्याने आयुष्यभर लोकांचं पाणी बंद केलं, तो खेळातलं सोडणार होय?

खेळ मात्र चालायला लागला. टेबलावर फोन आडवा ठेवून मी तुझ्याशी बोलत होते आणि पडद्यावर आपण दोघं चाललो होतो. तुझ्याकडे सगळं होतं. माझ्याकडे नुसतं तपकिरी मैदान, त्यावर खांबांसारखी बिनपानांची झाडं आणि एक तू. (तुझीही टोपी ह्यांनी काटकसरीत घालवली होती.) तू म्हणालास, "चल, तळ्याच्या काठाने जाऊ." मी आपली सरळ चालत राहिले.

"ठमे, थांब. तळं आहे."

"कुठे?"

"तू तळ्यात उभी आहेस."

आणि मी बुडाले. मग आणखी दोनदा बुडाले. तू हसलास, दादा. फोनवर तुझं हसणं ऐकून हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, कोण आलंय म्हणून.

त्यानंतर तू मला सांगत नेलंस. डावीकडे वाकलेलं झाड आहे, पाणी हिरवट आहे, कडेला शेवाळ आहे, जपून ये, पलीकडे उन्हाचा पट्टा पडलाय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना विचारते, "खालची ओळ दिसते का?" मला काय दिसतं हे कुणी विचारत नाही आणि मला दिसत नाही ते कुणी सांगतही नाही. तू सांगत होतास आणि मला बाबांचा छापखाना आठवत होता. सुट्टीच्या दुपारी तिथल्या कॉम्प्युटरसमोर एका खुर्चीत आपण अर्धे अर्धे बसायचो. बाण तुझे, उडीचं बटण माझं. खेळ उघडायला इतका वेळ घ्यायचा की पुढे कुठली विहीर लागणार, कुठला राक्षस येणार, सगळं तू मला आधीच सांगून टाकायचास. मी बटणाकडे बोट नेलं की म्हणायचास, "हात लावू नकोस, विचार करतंय ते." आणि मी हात मांडीवर घेऊन बसायचे. (आमच्या इथल्या सगळ्या यंत्रांनी पुढे विचार करणं सोडून दिलं, माणसांनीही. ते असो.)

तर त्या तळ्याशी तू थांबलास. म्हणालास, "तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, बसा आता दोन मिनिटं, तळं कुठे पळून जात नाही." वर्षभरात तिचं नाव तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि नेमकं तेव्हाच, दादा, आमचा पणजोबा बसला. पंखा फिरतोय, घरघर चालू आहे आणि पडद्यावर सगळं गोठलेलं. हे धावत आले, स्विच बंद करायला हात पुढे केला, तो मी आयुष्यात पहिल्यांदा धरून बाजूला केला. कारण फोनवर तू बोलतच होतास. दवाखान्यातलं, घरी आणल्यानंतरचं, ती कशावरून चिडायची ते, शेवटी शेवटी तिला चहा कसा लागायचा ते. तुला वाटलं, मी समोर गप्प उभी राहून ऐकते आहे. मी उभी नव्हते, अडकले होते. पण ऐकत मात्र होते. एका अक्षरालाही हात लावला नाही.

तेव्हा प्रोसेसरला खेळ झेपतो का, याचं उत्तर: नाही झेपत. अजिबात नाही.

कंबर सरळ झाली की पुन्हा लिहीन. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
ठमी

ता. क. नवा प्रोसेसर पाठवू नकोस. मला तळं दिसायला लागलं तर तू कशाला सांगशील?

ता. क. माझ्यासाठी म्हणून तुझ्याकडचंही काही कमी करू नकोस. तू तसलाच आहेस म्हणून आधीच सांगते. दोघांपैकी एकाला तरी पाणी दिसायला हवं. (हे विचारतात, तुमच्याकडे बिल किती येतं. लक्ष देऊ नकोस.)

ता. क. त्या दिवशी "मग ती मला म्हणाली," इथवर आलास आणि तुझ्याकडे दाराची बेल वाजली. परत आलास तो "बरं आहे, ठेवतो" म्हणालास. वहिनी काय म्हणाली ते रविवारी सांग. पणजोबाला मी सकाळपासून वारा घालून ठेवीन. मी तिथेच आहे, तळ्यात.