क्रीमवरची साय

४ मार्च
आले एकदाची! आत्याच्या बेकरीच्या माडीवर माझी खोली. खिडकी उघडली की ताज्या पावाचा वास थेट उशीपर्यंत. आत्याने बॅगही खाली ठेवू दिली नाही. ॲप्रन गळ्यात अडकवला आणि केकवरचं क्रीम आजपासून माझ्याकडे, असं जाहीर करून टाकलं. भट्टीवाले काका म्हणाले, पोरगी क्रीम लावते कमी, चाटते जास्त. खूप दिवसांनी पोट धरून हसले.

गेल्या वर्षी अंथरुणातून उठवत नव्हतं. त्याआधी झोप उडालेली, डोक्यात नुसती आतषबाजी. दोन्ही टोकं आवरली ती एका गोळीने. आहे ती आकडीवरची. मला आकडी कधी आली नाही, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, मनाचे असे चढउतारही ती धरून ठेवते. आणि ठेवले तिने, खरंच.

१० मार्च
सामान लावताना गोळ्या सापडल्या, एकदाच्या! निघायच्या आधी सामान बांधलं तेव्हापासून आठवड्याहून जास्त खंड पडला. बाईंनी बजावलं होतं, खंड पडला तर आधी मला विचारायचं, पुन्हा अगदी थोडक्यापासून चढायचं, आणि अंगावर पुरळ दिसलं तर गोळी थांबवून तडक यायचं. फोन करणार होते. आत्या म्हणाली, "अगं, वर्षभर घेतेयस, आता त्यात काय विचारायचं?" मलाही परत त्या खड्ड्यात पडायची धास्ती होतीच. पूर्ण गोळी घेतली.

१९ मार्च
अंगात कणकण. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. गळ्याखाली लाल ठिपके आलेत. आत्याच्या मते भट्टीची उष्णता, काकांच्या मते मैदा बाधला. मी कॉलर वर ओढली. लग्नाच्या केकची ऑर्डर आहे, ती गेली की बाईंना फोन करेन.

२१ मार्च
ओठ सुजून फुटलेत. तोंडात गिळवत नाही असं काहीतरी साचतं, थुंकलं की तारा लोंबतात. ठिपके पसरून एक झाले, मध्ये जांभळे. गोळी चालूच आहे. सकाळी चादर पाठीला चिकटली होती. ओढली तर— वास. नासलेल्या दुधाचा. माझा.

२२ मार्च
एक बाई केक परत घेऊन आली. क्रीमवर साय आली म्हणाली. पातळ, पांढरट. आत्या बटर पेपर असेल म्हणून सारवासारव करत होती. मी ती चिमटीत धरून उजेडात बघितली. तिच्यावर रेषा होत्या. बारीक, गोल गोल.

बोटाच्या रेषा.

माझ्या अंगठ्याचं टोक गुळगुळीत, ओलं, लाल.

मोरीत ओकले. ओकारीत पण काही सोललेलं—

त्या बाईने तो केक खाल्ला होता. थोडा. विचारलंच मी.

२२, दुपार
आत्याने फोन लावला. पलीकडून डॉक्टरबाई ओरडल्या, ते मला इथे ऐकू आलं. गोळी बंद, आत्ताच्या आत्ता मोठं हॉस्पिटल. आत्या रडतेय, माझंच चुकलं गं म्हणतेय. तिच्याकडे बघवत नाही. पापण्या चिकटतात.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा बघायचा नाही.

गाडी आली. काका जिना चढताहेत, उचलून नेतो म्हणतात. काका, हात धरू नका— दंडाला नको, तिथलं सगळं सुटलंय, सरकतंय, नका ध—